एका लाकडाएवढी मराठी

सकाळी भुशाची शेगडी भरायचं काम त्या घरात धाकट्या सुनेचं होतं. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवतीनं लाकडाचा भुसा ठासून बसवायचा आणि मग बाटली गोल फिरवत अलगद वर ओढायची. हात जरा कापला की मधलं भोक ढासळतं आणि घरभर धूर होतो. इंदूचा हात कापत नसे. मांडीवरचं लेकरू एका हातानं सावरून ती दुसऱ्या हातानं बाटली अशी काढी की पाहणारीनं श्वास रोखावा. सासू पार्वतीबाई शेजारणींना कौतुकानं सांगत, "आमची रंगूनवाली शेगडी भरते तशी लकडगंजात कोनी नाही भरत."

भुशाला त्या घरात तोटा नव्हता. सासरे महादेवराव ढोमण्यांची लाकूड चिरायची आरा मशीन घराला लागूनच होती, मध्ये एक भिंत तेवढी. थोरला मुलगा चंपतराव मशीन सांभाळी. धाकटा रुपराव तरुणपणी रंगूनला गेला होता, तिथल्या एका वखारीत लाकूड मोजायच्या कामाला. तिथंच त्यानं लग्न केलं. पुढं तिकडच्या सरकारनं परक्यांची दुकानं-वखारी ताब्यात घेतल्या, तेव्हा बायको आणि लहानगी मुलगी बेबी यांना घेऊन तो बोटीनं परत आला. निघताना तिकडच्या अंमलदारांनी बायकोकडून लिहून घेतलं की ती पुन्हा त्या देशात पाऊल ठेवणार नाही. तिचं नाव मा सान यी. नागपूरच्या उंबऱ्यावर तिनं माप ओलांडलं आणि पार्वतीबाईंनी तिचं नाव इंदू ठेवलं. त्याला आता काही वर्षं झाली होती. मांडीवरचं लेकरू इथं आल्यावरचं.

घर वाईट नव्हतं. सुनांना कुणी उपाशी ठेवत नसे, अंगावर हात टाकत नसे. फक्त एक रीत होती, आणि त्या रितीचा महादेवरावांना अभिमान होता. सुनेनं सासऱ्यासमोर आणि मोठ्या दिरासमोर, म्हणजे भासऱ्यासमोर, तोंडातून शब्द काढायचा नाही. चेहरा दाखवायचा नाही. काही सांगायचं असलं तर सासूला सांगावं, सासू पुढं सांगेल. त्यांनाही काही हवं असलं तर तेही सासूकरवीच. चहा झाला, जेवण झालं, की सुनेनं दाराआड उभं राहून बांगड्या वाजवायच्या. ओसरीवरच्या खाटेवरून महादेवराव मान न वळवता म्हणत, "ठेव तिथं." मग कप उंबऱ्याशी ठेवायचा आणि मागं व्हायचं. बांगड्यांना वेगवेगळे शब्द नसतात. त्या वाजल्या की चहा झाला, एवढंच समजायचं.

थोरली सून प्रेमिला हे सगळं केव्हाची पाळत होती. चौथीपर्यंत शिकलेली, उमरेडकडची, हसऱ्या तोंडाची. इंदू या घरात यायच्या आधीच तिचा एकुलता मुलगा मुन्ना दोन वर्षांचा होऊन वारला, त्यानंतर तिची कूस पुन्हा भरली नाही. आता ती इंदूच्या मुलांना न्हाऊ-माखू घाली.

इंदूला मराठी कळायची. पण तिच्या वाट्याला आलेली मराठी सगळी हुकमांची होती. पाणी भर. दूध पाह्य. पदर घे. चूप बस. बोलायची वेळ यायची ती नवऱ्याशी, खोलीत, आणि तिथं दोघांची रंगूनची मोडकी हिंदी चाले, बाजारात भाव करण्यापुरती. लेकराशी ती ब्रह्मीत, आपल्या माहेरच्या भाषेत, बोले. दूध पाजताना ती त्याच्या कानाशी काय पुटपुटते ते त्या घरात कुणालाच कळत नसे, आणि लेकरू मात्र दूध सोडून तिच्या ओठांकडे टकमका बघत राही.

एके दुपारी रुपराव कचेरीतून आला तो सरळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसला. इंदूच्या मुक्कामाची मुदत दर वर्षी वाढवून घ्यावी लागे, त्यासाठी गेला होता.

"मुदत दिली, पण बाबू म्हणे हे आता शेवटचं. बायकोले नागरिक करून घ्या म्हणे."

"अन् नाही झाली तं?" प्रेमिलानं विचारलं.

रुपरावनं आईकडे पाहिलं. "नाही झाली तं तिले इथं राहता येत नाही. लेकरं राहतील. लेकरं मायी आहेत ना, ते इथलेच धरतात."

इंदू पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. तिला सगळंच कळलं होतं. तिनं हात न धुता, पिठाच्या हातांनीच पाळण्यातलं झोपलेलं लेकरू उचललं.

करायचं काय, ते रुपरावनं सांगितलं. साहेबासमोर उभं राहायचं. साहेब चार प्रश्न विचारतो, इथली भाषा येते की नाही ते पाहतो. मग शपथ असते, ती स्वतःच्या तोंडानं म्हणायची, मोठ्यानं. आणि बाईची चालचलणूक चांगली आहे असं सांगणारे दोन जामीन लागतात, या देशाचे नागरिक असलेले. ते बाबा अन् दादा होतील.

"शिकवा तिले," पार्वतीबाई म्हणाल्या. "पण आवाज ओसरीवर गेला नाही पाहिजे."

आवाज ओसरीवर जाऊ नये म्हणून शिकवणी दुपारची ठरली, आरा चालू असताना. भिंतीपलीकडे आरा सागवानात शिरला की घरातली भांडी थरथरत, आणि त्या आवाजाच्या आडोशाला दोन्ही जावा गळा मोकळा सोडत. लाकूड चिरून संपलं की आरा रिकामा फिरे, दुसरं लाकूड चढेपर्यंत सामसूम. तेवढ्या वेळात शब्द जिथं असेल तिथं गिळायचा. "माझा जन्म..." इथवर येऊन इंदू तोंड मिटून बसे, प्रेमिला बोट ओठांवर ठेवून भिंतीकडे कान लावी. मग पलीकडे लाकूड चढे, आणि वाक्य पुढं सरके, "...रंगूनमध्ये झाला." लांब ओंडका असला तर चांगली दोन-तीन वाक्यं व्हायची. फळकुटं असली की नुसते तुकडे. वीज गेली की त्या दिवशीची मराठी तिथंच राहिली.

प्रेमिला साहेब होई. हातात आमटीचा डाव, कपाळाला आठ्या.

"नाव काय तुमचं?"

"माजं नाव इंदू."

"कागदावरचं सांग वं बाई."

"मा सान यी."

"मा सान यी," प्रेमिलानं म्हणून पाहिलं. "माय वं, किती गोड! तोंडात बत्तासा ठेवल्यासारखं लागते." आणि मग पुन्हा आठ्या. "नवऱ्याचं नाव?"

"रुपराव!" इंदू पटकन बोलून गेली. रंगूनला ती त्याला नावानंच हाक मारत असे. या एका प्रश्नाचं उत्तर तिला शिकायची गरजच नव्हती.

तांदूळ निवडणाऱ्या पार्वतीबाईंच्या हातातलं सूप कलंडलं. "हे काय वं! नवऱ्याचं नाव घेतं अशी उघडं? उमर कमी होते त्याची. अन् तू, प्रेमिला, शिकवून राहिली का बिघडवून?"

"आत्याबाई, साहेब विचारतीलच ना."

"साहेबाले काय घरदार नाही? त्याची बायको घेते का नाव? नाव विचारलं की खाली पाहाचं, बस. समजते तो. कागदावर लिहेलच आहे."

म्हणून मग इंदू ते शिकली. नवऱ्याचं नाव विचारलं की मान खाली घालायची. सासऱ्यांकडे पाठ होऊ द्यायची नाही. पदर नाकाच्या वर सरकू द्यायचा नाही. तिला येत होतं ते एक उत्तर तिनं मन लावून विसरायला घेतलं. परीक्षेची अशी तयारी दुसऱ्या कुणी केली असेल असं वाटत नाही.

शपथ अवघड होती. भारताच्या संविधानाबद्दल खरी श्रद्धा व निष्ठा बाळगीन, अशा शब्दांना धरायला कुठं काही नव्हतं.

"निष्ठा काय?" इंदूनं विचारलं.

प्रेमिला विचारात पडली. "निष्ठा म्हणजे... शेगडी नीट पेटेपर्यंत तू जवळून हलत नाही का? मन तिथंच ठेवतं. तसं."

इंदूनं मान हलवली. त्यानंतर पाळणा हलवताना ती शपथ म्हणू लागली, अंगाईच्या चालीवर. संविधान, श्रद्धा, निष्ठा. लेकरू झोपी जायचं.

पेशीच्या दिवशी दोन रिक्षा करून सगळे कचेरीत गेले. एकीत महादेवराव आणि चंपतराव, दुसरीत रुपराव, इंदू आणि मांडीवर लेकरू. साहेब साताऱ्याकडचे होते, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेली, टेबलावर फायलींचे ढीग. त्यांनी दोघा वडीलधाऱ्यांना खुर्च्या दिल्या. इंदू दाराशी उभी राहिली. पदर छातीपर्यंत ओढलेला.

"आपलं नाव?"

इंदूच्या पदराआड ओठ हलले. समोर दोन हातांवर सासरे बसले होते, त्यांच्या शेजारी भासरे. नाव ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं.

"बाई, आपलं नाव काय?"

काहीच नाही.

"बरं, यजमानांचं नाव?"

इंदूनं शिकवल्याप्रमाणे मान खाली घातली.

"साहेब, तिले सगळं येते जी," रुपराव घाईनं म्हणाला. "घरी बरोबर बोलते. शपथ पाठ आहे तिची."

"मग म्हणू द्या की. मला ऐकू आलं पाहिजे."

आरा नव्हता. पंखा तेवढा कुरकुरत होता. इतक्या शांततेत इंदू मराठीचा एक शब्दही कधी मोठ्यानं बोलली नव्हती. लेकरू रडायला लागलं. महादेवराव समाधानानं भिंतीकडे पाहत होते. चारचौघांत सून कशी मर्यादेनं उभी आहे, हेच त्यांना दिसत होतं.

साहेबांनी पेन उचललं. "भाषा येत नाही असं मला लिहावं लागेल. पण मुलं लहान दिसतात. पंधरा दिवसांनी आणखी एक पेशी देतो. त्यानंतर माझ्या हातात काही नाही, समजून घ्या."

घरी आल्यावर सगळे तिच्यावर तुटून पडले. तिच्याशी कुणी बोललं नाही, तिच्याविषयी बोलले. "माय, विचार तिले," चंपतराव ओसरीवरून ओरडले, "इतके वर्षं अन्न खाऊन राहिली, स्वतःचं नाव सांगता येत नाही?" पार्वतीबाईंनी स्वयंपाकघरात येऊन तोच प्रश्न विचारला, जणू भिंतीमुळे तो तिला ऐकूच गेला नव्हता. इंदू भांडी आवरत राहिली. उत्तर ओसरीवर न्यायचं, तर ते काय न्यायचं?

संध्याकाळी खोलीत रुपराव म्हणाला, "काहून नाही बोलली वं?"

"मामाजी बसले," इंदू म्हणाली. "भासरे बसले."

 रुपराव उठून बापासमोर गेला. तो बापाला घाबरत असे, तरी गेला.

"बाबा, येत्या पेशीले तुम्ही बोलाची परवानगी द्या तिले. नाहीतर सही करून बाहेर बसा."

महादेवराव रागावले नाहीत. त्यांनी समजावलं. "हे पाह्य रुपराव. तुया आईचा आवाज मी आमची माय मरेपर्यंत ऐकला नाही. माणसं येतात, म्हणतात महादेवरावाच्या घरात बाया आहेत की नाही ते समजत नाही. हे नाव असंच नाही होत गा. एका कागदासाठी तोडाचं? हळू बोलावं पदरातून. साहेबानं कान द्यावा."

परवानगी दिली असती तरी उपयोग झाला नसता, हे प्रेमिलाला दुसऱ्या दिवशी कळलं. आरा जोरात होता. "चाल, शपथ म्हण," ती म्हणाली. इंदू म्हणायला लागली आणि अर्ध्यातच थांबली. तिनं स्वतःचा गळा धरला.

"बाई, मी इथं बोलते. मामाजी बसले, गळा बंद. मी नाही करत बंद. तो आपला आपलाच बंद." मग लेकराच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "बेबी रडेल, तर तुमी घ्या. याला पावडरचं दूध आवडत नाही. चमच्यानं द्या."

तिनं आशा सोडली होती. मुलं कशी सांभाळायची ते ती सांगत होती.

प्रेमिला तिच्याकडे बघत राहिली. गळा आपला आपणच बंद होतो म्हणजे काय, ते त्या घरात आणखी एका बाईला ठाऊक होतं. फक्त तिनं ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी वीज गेली. आरा थांबला. गडी सावलीला जाऊन बसले, चंपतराव वीज कचेरीत तक्रार करायला गेले. ओसरीवर महादेवराव खाटेवर बसून होते, सुपारी कातरत. प्रेमिला स्वयंपाकघरातून उठली, मधलं दार ओलांडलं आणि ओसरीच्या दाराआड येऊन उभी राहिली. हातात कप नव्हता. सवयीनं बांगड्या वाजल्या.

"ठेव तिथं," महादेवराव म्हणाले.

प्रेमिला हलली नाही. तिनं एकदा तोंड उघडलं, मिटलं. दाराची चौकट घट्ट धरली.

"मामाजी."

महादेवरावांनी झटकन मान वळवली, पण दाराकडे नाही, फाटकाकडे. बाहेरून कुणी बाई आली असं त्यांना वाटलं.

"कोण आहे वं? कोण पाहिजे तुले?"

"मी आहे, मामाजी. प्रेमिला."

अडकित्ता थांबला. आतून पार्वतीबाई धावत आल्या. "तोंड बंद कर वं! डोकं फिरलं का तुयं?"

"आत्याबाई, आज राहू द्या." प्रेमिला थांबली नाही. "मामाजी, मुन्ना गेला त्या दिवशी तुम्ही याच खाटेवर बसून होते. आत्याबाई उमरेडले गेल्या होत्या. हे लाकडं आणाले गेले होते. लेकराले ताप होता, त्याले आकडी आली. मी इथं, याच दारात आली अन् बांगड्या वाजवल्या. तुम्ही म्हटलं, ठेव तिथं."

महादेवराव तिच्याकडे पाहत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहत होते.

"मंग पुन्हा वाजवल्या. जोरानं वाजवल्या. तुम्ही म्हटलं, ठेव म्हटलं ना. मी अंदर गेली, त्याले उचललं, मागच्या दारानं गल्लीत कुसुमताईच्या घरी पळाली. त्यायनं टांगा पाहून आणला. दवाखाना यायचाच होता अजून. टांग्यातच गेला तो."

"मले..." महादेवराव म्हणाले. "मले वाटलं चहा झाला."

"हो जी."

"मले कोनी सांगितलं नाही."

"कोण सांगन, मामाजी? तुमच्याशी बोलते कोण?"

महादेवरावांनी बायकोकडे पाहिलं. पार्वतीबाई उंबऱ्यावर बसल्या. त्यांना माहीत होतं. उमरेडहून आल्या त्याच दिवशी प्रेमिलानं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलं होतं, आणि त्यांनीच तिच्या तोंडावर हात ठेवला होता. झालं ते झालं, यांना कळलं तर जिवाला लावून घेतील.

"एकच शब्द म्हणाचा होता," प्रेमिला म्हणाली. "मले येत होता. निघालाच नाही तोंडातून. इंदूचं तसंच होऊन राहिलं. ती मठ्ठ नाही. तिचेही लेकरं जातील आता, जिवंतपणी जातील. तेवढं सांगाले आली."

तिनं पदर सावरला आणि ती आत गेली. शेगडीवर दूध ठेवलं होतं.

महादेवराव त्या दिवशी जेवले नाहीत.  दुसऱ्या दिवशी दुपारी आरा सुरू व्हायची वेळ झाली तेव्हा त्यांनी गड्यांना हात करून थांबवलं. मग खाटेवरूनच, जरा चाचरत, हाक मारली. "धाकट्या सूनबाई. तो शपथेचा कागद घेऊन ये इकडं."

इंदू आली. प्रेमिला तिच्या पाठीशी उभी राहिली, लेकरू कडेवर घेऊन. पहिल्या दिवशी इंदूच्या तोंडून नुसता वारा आला. महादेवरावांनी डोळे मिटून घेतले, म्हणजे निदान नजर नको. दुसऱ्या दिवशी एक शब्द आला. तिसऱ्या दिवशी अर्धी ओळ. गडी भिंतीवरून डोकावत, महादेवराव त्यांना हाकलत. शेजारचे दत्तोपंत फाटकातून म्हणाले, "काय महादेवराव, शाळा काढली का घरी?" महादेवराव म्हणाले, "हो. मीच उशिरा भरती झालो."

हे सगळं चंपतरावांना सहन झालं नाही. "बाबा म्हातारे झाले," ते म्हणाले. "गल्लीत हसून राहिले लोक. मी जामीन नाही राहत. मी येत नाही."

दोन जामीन लागत होते, आणि पेशी उद्यावर आली होती. रुपराव डोकं धरून बसला. प्रेमिला ताटं मांडत होती. तिनं विचारलं, "बाई चालत नाही का जामीन?"

रुपरावनं वर पाहिलं. "नागरिक पाहिजे. बाई-माणूस असं काही लिहिलं नाही."

"मंग मी आहे ना."

चंपतराव त्या रात्री खोलीत बायकोला म्हणाले, "तू गेली तं मायाशी बोलू नोको."

"बरं जी," प्रेमिला म्हणाली. ती थकली होती. "तसंही पीठ संपलं, मीठ संपलं, याच्या पुढं आपण काय बोललो?"

कचेरीत साहेबांनी जामिनांपासून सुरुवात केली. महादेवरावांची सही झाली. मग प्रेमिला पुढं झाली. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता.

"नाव?"

"प्रेमिला."

"पूर्ण नाव सांगा. यजमानांचं, आडनाव."

खोलीत सासरे बसले होते, आणि सांगायच्या नावात नवरा होता. प्रेमिलानं टेबलाची कड धरली. "प्रेमिला चंपतराव ढोमणे."

"आपण भारताच्या नागरिक आहात?"

नियमाचा प्रश्न होता, साहेबांनी कागदावरून वर न बघताच विचारला. पण प्रेमिला गोंधळली. असं काही तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. घराबद्दलचं, जमिनीबद्दलचं, देशाबद्दलचं विचारणं असलं की उत्तर पुरुषांनी द्यायचं असतं. तिनं सवयीनं सासऱ्यांकडे पाहिलं.

महादेवरावांनी मान खाली घातली. "मायाकडे काय पाहून राहिली, सूनबाई? तुले विचारून राहिले."

"हो जी," प्रेमिला साहेबांना म्हणाली. "मी आहे."

मग इंदूची वेळ आली. रंगूनमध्ये जन्म. लकडगंजात राहते. मुलं दोन. नवऱ्याचं नाव रुपराव, हे तिनं इतक्या जोरानं सांगितलं की बाहेरच्या बाकावरच्या रुपरावनं आत डोकावून पाहिलं. शपथ म्हणताना ती मध्ये अडली, आवाज गेला, पुन्हा आला. श्रद्धा आणि निष्ठा तिच्या तोंडी अंगाईच्या चालीवर आल्या, आणि प्रेमिलाच्या कडेवरच्या लेकरानं जांभई दिली. साहेबांनी कपाळ चोळलं. ते हसले की काय, ते पेन घेऊन खाली वाकल्यामुळे दिसलं नाही.

"कागद यायला वेळ लागेल," ते म्हणाले. "पण माझ्याकडून झालं. जा घरी, मूल झोपलंय."

 परतताना आनंद होता, पण इतक्या दिवसांनी सुटलेल्या गाठीसारखा, हात दुखत होते. घरी येताच इंदूनं लेकरू पाळण्यात टाकलं आणि ती त्याच्या शेजारी जमिनीवरच झोपी गेली, पेशीचं लुगडं न सोडता.

ओसरीवर चंपतराव बसले होते. मशीनवरून आलेले, अंगावर भुसा, सकाळपासून घरात दोन्ही सुना नाहीत म्हणून जेवणही धड झालं नव्हतं. प्रेमिला समोरून गेली. त्यांनी तोंड फिरवलं.

"माय," ते म्हणाले, "तिले सांग, पाणी दे म्हणा."

पार्वतीबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. या घरातलं प्रत्येक वाक्य त्यांनी ओसरीवरून आत आणि आतून ओसरीवर नेलं होतं, आणि काही वाक्यं कुठंच नेली नव्हती. त्यांनी गुडघ्यावर हात टेकले, पण त्या उठल्या नाहीत.

"मी नाही सांगत बापा," त्या म्हणाल्या. "थकली मी. तुले तोंड आहे ना? समोर उभी आहे ती."

चंपतराव आईकडे बघत राहिले. मग भिंतीकडे. 

प्रेमिलानं माठातून तांब्या भरून आणला आणि ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तांब्या थंडगार होता, बाहेरून पाणी सुटून तिच्या बोटांवरून गळत होतं. तिनं तो पुढं केला नाही, खालीही ठेवला नाही. ती वाट पाहत उभी राहिली. तिला घाई नव्हती.